एका प्रश्नाभोवती चार शाखा

२०२४च्या जूनपासून महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण सुरू झालं. स्वायत्त महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत ते वर्षभर आधीच आलं होतं. तेव्हापासून पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात ‘ओई’ नावाचा एक तास दिसतो. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह. हा विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा, असा नियम आहे. त्यामुळे बीएस्सीची मुलगी गुंतवणुकीची ओळख करून घेते, बीकॉमचा मुलगा आहारशास्त्र शिकतो, बीएचा मुलगा संगणकाच्या तासाला जाऊन बसतो. सत्राच्या वीस-बावीस क्रेडिटांपैकी दोन-चार क्रेडिट या तासाचे. कल्पना चांगली आहे. पण कॅन्टीनमध्ये कान दिला तर ऐकू येतं ते एवढंच, की ओईला नुसतं पास व्हायचं, फार मनावर घ्यायचं नाही.

यात मुलांचा दोष मी तरी धरत नाही. शाखेबाहेरचा विषय त्यांच्यासमोर येतो तो आणखी एक विषय म्हणून. तीच बाकं, तसंच फळ्याकडे तोंड, तशाच नोट्स. गुंतवणुकीचे पाच धडे वाचून झाले, तरी वनस्पतिशास्त्राशी त्यांची गाठ कुठेच पडत नाही. दोन विषय वेळापत्रकात शेजारी ठेवले म्हणून एकत्र येत नाहीत. दोन शाखांची मुलं एकाच प्रश्नावर अडली आणि एकमेकांना विचारल्याशिवाय पुढे सरकता येईना, की मग ते येतात. त्यासाठी कुठल्या परिपत्रकाची वाट बघावी लागत नाही. चार-पाचजणांचा गट, एक नेटका प्रश्न आणि आठवड्यातून दीड तास एवढ्यावर हे काम कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजात उभं राहू शकतं. ते कसं उभं करायचं, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पाठीशी राहू इच्छिणाऱ्या प्राध्यापकांसाठी इथे लिहितो आहे.

गट जमवताना

गट चारजणांचा करा, फार तर पाचजणांचा. तिघांचा केला तर एकजण आजारी पडला की भेटच मोडते. सहाच्या वर गेलात की दोघंजण हळूहळू प्रेक्षक होतात. माक्स रिंगेलमन नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचं बळ मोजलं होतं. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आकड्यांनुसार आठजणांनी मिळून लावलेलं बळ हे आठ सुट्या माणसांच्या बेरजेच्या जेमतेम निम्मं भरलं. माणसं वाढली की प्रत्येकाचा हात थोडा सैल पडतो. अभ्यासाच्या गटात हे दोरापेक्षा लवकर घडतं, कारण इथे हात सैल पडलेला दिसत नाही.

शाखा वेगवेगळ्या हव्यात, हे उघड आहे. पण त्या आणायच्या कुठून? पहिल्या दोन महिन्यांतली मैत्री एसटीच्या थांब्यावर, वसतिगृहाच्या खोलीत किंवा एकाच तुकडीत होते, आणि असे गट बहुधा एकाच शाखेचे असतात. ओईचा वर्ग हीच त्यावरची सोय. तिथे दोन-तीन शाखांची मुलं एका छताखाली असतात. फक्त एक उणीव राहते. वाणिज्य विभागाने घेतलेल्या ओईला कला आणि विज्ञान शाखांची मुलं येतात, वाणिज्यची येत नाहीत. तो चौथा गडी तुम्हाला बाहेरून आणावा लागेल. त्या विषयाच्या सरांना किंवा मॅडमना सांगा, त्यांच्या मूळ वर्गातून एखादं नाव ते नक्की सुचवतील.

भेटीची वेळ ठरवताना गटातल्या सर्वांत अडचणीतल्या माणसाचं घड्याळ धरा. खेड्यातून पासवर येणाऱ्याला साडेचारची गाडी चुकवता येत नाही. कोणी संध्याकाळी दुकानात कामाला असतं. कुणा मुलीला अंधाराच्या आत घरी पोचायचं असतं. ‘सहाला भेटू’ असं ठरलं की ही मंडळी न बोलता गळतात आणि मग गट म्हणतो, त्यांना रसच नव्हता. तास आणि प्रॅक्टिकल यांच्यामधली मोकळी वेळ हीच खरी जागा. ग्रंथालयात बोलू देत नाहीत, म्हणून रिकामा वर्ग मागून घ्या.

भाषेचंही आधीच ठरवून टाका. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजी बोलणाऱ्यांच्या गटात पहिला महिना गप्प बसतो, आणि पुढे तीच त्याची ओळख होऊन बसते. वाचन इंग्रजीत करावं लागेल, त्याला इलाज नाही. चर्चा मात्र मराठीत करा. इंग्रजी पुस्तकातलं पान आपल्या भाषेत दुसऱ्याला सांगता आलं, तरच ते कळलं असं समजा. सोबतीला कोणी हिंदी किंवा उर्दूतून शिकलेला असेल तर चर्चा मिश्र होईल. होऊ द्या.

प्रश्न

बहुतेक गट बुडतात ते इथे. ‘पर्यावरण’, ‘महिला सबलीकरण’, ‘समाजमाध्यमांचे दुष्परिणाम’ अशी नावं घेऊन मुलं निघतात. हे प्रश्न नाहीत, निबंधाचे मथळे आहेत. त्यावर प्रत्येकजण दोन पानं उतरवून आणतो, ती पानं एकाला एक जोडली जातात, शेवटी ‘थँक्यू’ची स्लाइड येते आणि चारही जण जसे आले होते तसेच घरी जातात.

प्रश्न असा हवा की ज्याचं काहीतरी मोजता येईल, ज्याबद्दल गावात कोणाला तरी विचारता येईल, आणि जो एका शाखेला एकटीने सुटणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर नाशिक जिल्हा आहे, म्हणून मी कांद्याचा प्रश्न घेतो : चाळीत ठेवलेल्या उन्हाळ कांद्याचं वजन किती घटतं, का घटतं, आणि ती घट कोणाच्या खिशातून जाते?

आता यात कोण कुठे लागतो ते बघा. मार्चअखेर ते मे या काळात काढलेला उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने राहतो. तोवर तो जिवंत असतो. श्वसन चालू असतं, त्याच्यातलं पाणी हवेत जात असतं, आणि कांद्यात पाणीच मुळात ऐंशी टक्क्यांहून जास्त. पावसाळ्यात हवा दमट झाली की सड वाढते आणि विश्रांतीचा काळ संपला की कोंब फुटतात. म्हणजे घट तीन वाटांनी होते : वाळून, सडून आणि कोंब येऊन. इथवरचं काम वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याचं. लहान गोल्टी कांदा मोठ्यापेक्षा प्रमाणात लवकर का वाळतो, हे गणिताचा विद्यार्थी पृष्ठभाग आणि घनफळ यांच्या गुणोत्तरातून सांगेल. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दुपाखी चाळ पूर्व-पश्चिम बांधावी, तळ जमिनीपासून उचललेला असावा, अशी शिफारस असते. तिच्यामागे वारा आणि ऊन यांचा हिशेब आहे, आणि तो भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने काढावा. लासलगावजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे. साधारण ६० ते ९० ग्रे इतक्या मात्रेने कांद्याचे कोंब रोखता येतात, पण सड आणि वाळणं त्याने थांबत नाही. म्हणून तीन वाटांपैकी एकच वाट बंद होते. मग ते केंद्र असूनही गावोगावच्या चाळी तशाच का, हा प्रश्न आपोआप पुढे येतो आणि तो भौतिकशास्त्राच्या हातून निसटून अर्थशास्त्राकडे जातो.

वाणिज्यच्या विद्यार्थ्याने इथे वही उघडावी. समजा मे महिन्यात भाव क्विंटलला पंधराशे रुपये आहे आणि शेतकऱ्याने शंभर क्विंटल विकायचे सोडून चाळीत टाकले. पुढे पंचवीस टक्के घट आली तर हातात पंचाहत्तर क्विंटल राहतात. मे महिन्यातले दीड लाख नुसते परत मिळवायला त्याला क्विंटलला दोन हजार भाव मिळायला हवा. चाळ भरायची, निवडायची, पुन्हा भरायची मजुरी यात धरलेली नाही. अडकलेल्या पैशावरचं व्याजही नाही. ऑक्टोबरमध्ये भाव अठराशे झाला की वर्तमानपत्रात ‘कांदा वधारला’ असं छापून येतं. शेतकरी मात्र तोट्यात असतो. हे गणित बारावी झालेल्या कुणालाही करता येतं, पण त्यातला पंचवीसचा आकडा वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने चाळीत बसून आणलेला असतो. तोच आकडा तीस झाला तर भावाची रेष कुठे सरकते ते दोघांनी मिळून काढावं.

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला वाटेल, आपल्याला यात काम नाही. त्याने तारखा आणाव्यात. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. डिसेंबर २०२३मध्ये निर्यात बंद झाली. मे २०२४मध्ये किमान निर्यातमूल्य आणि शुल्क ठेवून ती खुली झाली. सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५पासून तेही गेलं. या तारखा घटीच्या आलेखावरच मांडल्या तर दिसेल की चाळ भरलेली असताना निर्णय बदलला, की शेतकऱ्याला थांबताही येत नाही आणि विकणंही परवडत नाही. आणि समाजशास्त्राच्या मुलीने चाळीत कांदा निवडणाऱ्या बायांशी बोलावं. सडका कांदा सर्वांत आधी वासाने त्यांना कळतो. किती पाट्या फेकल्या गेल्या याचा अंदाज चाळीच्या मालकापेक्षा त्यांना जास्त असतो, हे मी पैजेवर सांगतो.

प्रश्न बरा आहे की नाही हे तपासायची एक युक्ती सांगतो. गटातली एकेक शाखा मनातल्या मनात काढून टाका. ती काढूनही उत्तर जसंच्या तसं मिळत असेल, तर त्या शाखेचा माणूस तुमच्या गटात शोभेपुरता आहे. मग प्रश्न बदला, माणूस बदलू नका.

कांदा सगळीकडे नाही. कोल्हापूरकडच्या मुलांनी गुऱ्हाळ घ्यावं : पिवळ्या धमक गुळाला भाव जास्त का मिळतो आणि तो रंग येतो कुठून? गोव्यात खाजन शेतीचे बांध आणि भरतीचं पाणी अडवणारी मानस कोण राखतं, आणि राखणं सुटलं तर भातशेतीचं काय होतं, असं विचारता येईल. मुंबईत शेत नाही म्हणून हात बांधून बसायचं कारण नाही. पहिल्या तासाला उशिरा कोण येतं, कुठून येतं आणि त्या उशिराची किंमत हजेरीत किती भरावी लागते, एवढ्या प्रश्नात भूगोल, संख्याशास्त्र आणि समाजशास्त्र तिन्ही मावतात. माहितीही कॉलेजच्या फाटकात उभी असते.

पहिली भेट आणि उलटी वाटणी

पहिल्या भेटीत पुस्तक नाही, मोबाइल नाही. नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्त विद्यापीठात सत्तरच्या दशकापासून छोट्या गटांत प्रश्नावरून शिकवण्याची पद्धत रुळली आहे. सात पायऱ्यांची ती पद्धत अनेक देशांतल्या वैद्यकीय शिक्षणात गेली. सगळ्या सात पायऱ्या पाठ करायची गरज नाही. त्यातलं मर्म इतकंच, की वाचायला जाण्याआधी गटाने एकत्र बसून न कळणारे शब्द काढायचे, प्रश्न नेमका काय आहे ते ठरवायचं, आपल्याला आधीपासून काय माहीत आहे ते फळ्यावर लिहायचं, आणि काय माहीत नाही याची यादी करून उठायचं. ती यादी हाच पुढच्या आठवड्याचा अभ्यास. सगळ्यांनी तो करायचा आणि परत येऊन एकमेकांना सांगायचा.

बोलायला सुरुवात करण्याआधी पाच मिनिटं प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहावं. हा साधा नियम फार उपयोगी आहे. एरवी जो आधी बोलतो त्याच्या मागे बाकीचे जातात आणि लाजाळू माणसाच्या डोक्यात काय होतं ते कधी बाहेरच येत नाही. लिहिलेलं असलं की त्याला निदान वाचून दाखवता येतं. एकजण चर्चा चालवेल आणि एकजण टिपणं घेईल, ही कामं दर आठवड्याला फिरती ठेवा. टिपणं आणि पोस्टर मुलींकडे, बाजार समितीत जाणं आणि व्यासपीठावर बोलणं मुलांकडे, अशी वाटणी फार सहज होते. ती पहिल्याच भेटीत मोडा.

आता कामाच्या वाटणीकडे येऊ. वनस्पतिशास्त्रवाला शास्त्र बघेल, वाणिज्यवाला भाव बघेल, अशी वाटणी केली तर तुम्ही पुन्हा चार वेगळ्या वर्गांत जाऊन बसलात. मी उलटी वाटणी सुचवतो. वजन वाणिज्यच्या मुलाने करावं, लिलावाला वनस्पतिशास्त्राच्या मुलीने जावं, चाळीची मापं राज्यशास्त्रवाल्याने घ्यावीत. ज्याचा तो विषय आहे त्याने शेजारी उभं राहून फक्त शिकवावं, हात लावू नये. सुरुवातीला काम हळू होतं, चुकतंही. पण वजनकाटा शून्यावर आणायचा राहिला म्हणून सगळे आकडे बाद झाले, की मोजमाप म्हणजे काय ते वाणिज्यच्या मुलाला आयुष्यभरासाठी कळतं.

प्रयोग कॉलेजातही करता येतो. एकाच शेतकऱ्याकडून एकाच दिवशी घेतलेले वीसेक कांदे आणा. जाड मानेचे, जोडकांदे आणि डेंगळे वेगळे काढा, कारण ते लवकर सडतात. चांगल्यांपैकी काही जाळीच्या पिशवीत हवेशीर टांगा, काही बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि काढून टाकलेल्यांपैकी थोडे तुलनेसाठी राखा. प्रत्येकाला चिठ्ठी बांधा. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी वजन करून वहीत लिहा. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला काटा मिळाला तर उत्तम, नाहीतर किराणा दुकानातला ग्रॅम दाखवणारा काटाही चालतो. वीस कांद्यांवरून लासलगावच्या बाजाराबद्दल काही सिद्ध होणार नाही. पण वीस कांद्यांतही दोन कांदे सारखे वागत नाहीत हे दिसलं, की सरासरी आणि फरक या संकल्पना संख्याशास्त्राच्या पुस्तकाबाहेर भेटतात.

बाहेर माहिती गोळा करायला जाल तेव्हा काही पथ्यं पाळा. बाजार समितीच्या कार्यालयात कॉलेजचं पत्र आधी द्या. लिलाव चालू असताना ट्रॅक्टरच्या आणि व्यापाऱ्यांच्या मध्ये उभे राहू नका. तिथे अर्ध्या मिनिटात एखाद्याच्या हंगामाचा निकाल लागतो. शेतकऱ्याला पहिलाच प्रश्न कर्जाचा विचारू नका. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. आणि काम संपलं की एक पान मराठीत लिहून ज्यांनी माहिती दिली त्यांना नेऊन द्या. त्यांनी वेळ दिलेला असतो, आणि चूक असेल तर ती सर्वांत आधी तेच दाखवतील.

‘हे सगळं एआयला विचारलं तर?’ असं कुणीतरी म्हणेलच. विचारा, पण यादी झाल्यावर. कांद्याच्या श्वसनाबद्दल ते दोन परिच्छेद लगेच लिहून देईल. तुमच्या शेजारच्या गावातल्या चाळीत या आठवड्यात किती पाट्या फेकल्या, हे त्याला माहीत असायचं काही कारण नाही. त्याने दिलेला प्रत्येक आकडा दुसरीकडून पडताळल्याशिवाय वहीत चढवू नका.

अडथळे

गटात शिकताना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक निराशा येते. वाटतं, यापेक्षा सरांनी फळ्यावर लिहून दिलं असतं तर जास्त कळलं असतं. ही भावना खोटी नाही, पण तिच्यावरून निकाल काढू नका. हार्वर्डमध्ये पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक वर्गावर केलेला एक अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. मजकूर तोच ठेवून काही मुलांना उत्तम व्याख्यान दिलं, काहींना गटांत बसून प्रश्न सोडवायला लावले, आणि नंतर अदलाबदल केली. गटात बसलेल्यांना आपण कमी शिकलो असं वाटलं, चाचणीत मात्र त्यांनीच जास्त गुण मिळवले. डोकं चालवताना जे अडखळणं होतं तेच माणसाला न कळण्यासारखं वाटतं. प्राध्यापकांनी ही गोष्ट पहिल्याच तासाला मुलांना सांगून ठेवावी.

दुसरी अडचण उलटी आहे. गट इतका छान जमतो की अभ्यास गप्पांत विरतो. यावर बर्कलीच्या उरी ट्राइसमन या गणितज्ञाचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्याने पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कोण पुढे जातं आणि कोण मागे पडतं, ते विद्यार्थ्यांच्या खोल्यांपर्यंत जाऊन पाहिलं. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकेकटे गणितं सोडवत आणि मग एकत्र जमून एकमेकांची उत्तरं तपासत. कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनतीत किंवा तयारीत कमी नव्हते, पण त्यांचा अभ्यास एकट्याचा होता आणि मित्रमंडळ वेगळं. ट्राइसमनने त्यांच्यासाठी जादा शिकवणी काढली नाही. त्याने त्यांना गटात बसवून नेहमीपेक्षा कठीण गणितं दिली. त्यांचे निकाल स्पष्टपणे सुधारले. आपल्याकडे मागे पडलेल्या मुलांना सोपं करून देण्याची घाई असते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. गटासाठी यातला धडा असा की आधी एकट्याने झगडायचं, मग एकत्र यायचं. रिकाम्या हाताने भेटीला येऊ नये.

आणि जो येतच नाही, त्याचं काय? गटाच्या व्हॉट्सअॅपवर टोमणे मारून काही होत नाही. एकाने त्याला गाठून विचारावं. बऱ्याचदा कारण घरचं असतं, पैशाचं असतं, किंवा त्याला दिलेलं काम त्याला कळलेलंच नसतं. काम बदलून बघा. तरीही नाही जमलं तर प्राध्यापकांना सांगा, आणि हे सांगणं चुगली नाही असं गट जमतानाच ठरवून टाका.

गुण आणि प्राध्यापक

गटाच्या कामाला गुण कसे द्यायचे, यावर सरकारंही अडखळली आहेत. डेन्मार्कमध्ये १९७२ साली सुरू झालेल्या रोस्किल्ड विद्यापीठात पहिल्या वर्षापासूनच सत्राचा साधारण अर्धा वेळ छोट्या गटाने निवडलेल्या प्रकल्पाला दिला जाई, आणि तोंडी परीक्षाही गटानेच दिली जाई. एकाच्या जिवावर दुसरा पास होतो, अशी तक्रार करत २००६च्या सुमारास तिथल्या सरकारने गटपरीक्षा बंद केली. विद्यापीठांनी ते मान्य केलं नाही, आणि पुढच्या सरकारच्या काळात, २०१२च्या सुमारास, ती परत आली. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणून आपल्याकडे मी असं सुचवेन : अहवालाचे गुण सगळ्यांना सारखे, पण तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याच्या विषयावरचा प्रश्न. वाणिज्यच्या मुलाला कोंब का फुटतात ते विचारा, वनस्पतिशास्त्राच्या मुलीला दोन हजारांचा आकडा कसा आला ते फळ्यावर मांडायला लावा. ज्याने गटात खरोखर ऐकलं आहे तो अडखळत का होईना, सांगतो. या एका गोष्टीने फुकट पास होणं जवळपास संपतं आणि उलटी वाटणीही आपोआप नीट पाळली जाते.

प्राध्यापकांना इथे एक विनंती. गटात बसलात की उत्तर देऊ नका. आपल्याला सवय उत्तराची असते आणि मुलांनाही तीच हवी असते. त्यांनी विचारलं तर ‘तुम्हाला हे कशावरून वाटलं?’ असा उलट प्रश्न करा आणि थांबा. शक्य असेल तर दोन वेगळ्या विभागांच्या प्राध्यापकांनी मिळून दोन-तीन गट सांभाळावेत. स्टाफरूममध्ये शेजारी बसूनही आपण एकमेकांच्या विषयाबद्दल वर्षानुवर्षं बोलत नाही. मुलांना जे करायला सांगतो ते त्यांच्यासमोर आपणही करावं. आणि ‘हे मला माहीत नाही, उद्या बघून सांगतो’ असं म्हणायला कचरू नये. वेळेचा हिशेब म्हणाल तर दोन क्रेडिटांचा विषय म्हणजे तीस तास. त्यातले बारा-पंधरा गटांना दिले तरी अभ्यासक्रम बुडत नाही. प्राचार्यांकडून फक्त एक गोष्ट मागून घ्या : सगळ्या शाखांचा एक सामाईक मोकळा तास. तो नसला तर बाकी सगळी उमेद वेळापत्रकाशी झगडण्यात जाते.

कांद्याचा प्रश्न घेणार असाल तर पंचांगही बघा. पहिलं सत्र जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतं तेव्हा चाळी भरलेल्या असतात. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत गट आणि प्रश्न ठरवा, पोळ्याच्या आत चाळीची पहिली फेरी आणि कांद्याचं पहिलं वजन उरका, नवरात्रापर्यंत लिलाव पाहून घ्या आणि अहवाल दिवाळीच्या सुट्टीआधी लिहा. दिवाळीनंतर चाळी रिकाम्या होतात आणि बाजारात नवा लाल कांदा येतो. मग मोजायला पुढच्या मेपर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर पहिलं वर्ष संपलेलं असतं.